रीफॅक्टरिंग करताना मी कोड टाइप करत नाही

४३० ओळींची एक मेथड माझ्या वाट्याला आली होती. नाव फक्त ‘प्रोसेस’. आत ऑर्डरची तपासणी, सवलतीचा हिशोब, डिलिव्हरीचा खर्च, कर, ईमेल पाठवणं, आणि मधेच एका कोपऱ्यात साठा कमी करणाऱ्या ११ ओळी. त्या तिथे का आहेत, हे टीममध्ये कोणालाच सांगता येत नव्हतं. सगळ्यात आतली ओळ सात ‘इफ’च्या पोटात होती.

पहिल्या खेपेला मी जुन्या सवयीने कट-पेस्ट करत सुटले. दोन दिवसांनी मेथड छान आटोपशीर दिसायला लागली आणि काही ऑर्डरींना सवलत दोनदा मिळायला लागली. नेमकी कुठल्या पेस्टमध्ये चूक झाली ते शोधत बसण्यापेक्षा सगळं फेकून पुन्हा सुरुवात करणं स्वस्त पडलं. दुसऱ्या खेपेला मी स्वतःला एक अट घातली: रीफॅक्टरिंग, म्हणजे वागणूक न बदलता कोडची मांडणी सुधारणं, चालू असताना टाइप करायची ती फक्त नावं. कोडची ओळ हाताने हलवायची नाही, कापायची नाही, चिकटवायची नाही. जे काही हलेल ते आयडीईच्या, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्रामच्या, हुकमानेच हलेल. ही अट मी अजून पाळते. एका ठिकाणी ती मोडावी लागते, ते पुढे येईलच.

उदाहरणं जावाची आहेत आणि शॉर्टकट इंटेलिजे आयडियाचे, विंडोज-लिनक्सवर मुळात असतात तसे. एक्लिप्स, व्हिज्युअल स्टुडिओ किंवा व्हीएस कोड वापरत असाल तर जिथे लक्षात आहे तिथे त्यांचेही देते. कोडमधली नावं वाचायला सोपी जावीत म्हणून मराठीत लिहिली आहेत.

आयडीईला नक्की काय दिसतं

‘शोधा आणि बदला’ला फक्त अक्षरं दिसतात. आयडीई तुमचा कोड वाचून त्याचं झाड तयार करते आणि त्या झाडातलं प्रत्येक नाव कुठल्या घोषणेकडे बोट दाखवतं हे जाणून असते. त्यामुळे ‘कर’ या क्लासमधल्या ‘दर’चं नाव बदललं तर ‘डिलिव्हरी’मधला ‘दर’ जागच्या जागी राहतो. शिवाय हालचाल करण्याआधी ती काही अटी तपासते: नवं नाव आधीच कोणी घेतलंय का, या नावामुळे वरच्या क्लासची एखादी मेथड नकळत झाकली जाईल का, हलवलेल्या कोडला लागणारी प्रायव्हेट फील्ड नव्या जागेवरून दिसेल का.

अशा अटी नेमकेपणाने मांडण्याचं काम विल्यम ऑपडाइक यांनी १९९२ साली इलिनॉय विद्यापीठातल्या पीएचडीच्या प्रबंधात केलं, आणि पुढे तिथेच जॉन ब्रँट आणि डॉन रॉबर्ट्स यांनी स्मॉलटॉकसाठी रीफॅक्टरिंग ब्राउझर बनवला. हे सांगायचं कारण एवढंच की ‘अडचणी आढळल्या’ अशी खिडकी समोर येते तेव्हा आयडीई उगाच कुरकुर करत नसते. त्या खिडकीतलं ‘तरीही पुढे चला’ हे बटण मी गेल्या कित्येक वर्षांत दाबलेलं नाही. खिडकी आली की रद्द करायचं, कारण वाचायचं, आधी ते निस्तरायचं.

सुरुवातीची तयारी

कमिट न केलेला, म्हणजे गिटमध्ये (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) न नोंदवलेला, बदल एकही नको. हे पाळलंत तर कुठलीही हालचाल बिघडली की एका हुकमात मागे जाता येतं, आणि मागे जायची लाज वाटत नाही.

टेस्ट असतील तर उत्तम. माझ्या मेथडला एकही नव्हती. तेव्हा मी बरोबर उत्तर काय असायला हवं याचा विचारच केला नाही. वेगवेगळ्या प्रकारच्या ४० ऑर्डरी निवडल्या, मेथड आज जे उत्तर देते ते फायलींत साठवलं आणि ‘उत्तर अगदी हेच आलं पाहिजे’ अशी टेस्ट लिहिली. त्यातली दोन उत्तरं उघड उघड चुकीची होती. तीही तशीच साठवली. चूक दुरुस्त करणं हे वेगळं काम आहे, ते वेगळ्या दिवशी करायचं. आत्ता वागणूक बदलायची नाही, मग ती वाईट का असेना. तारीख आणि वेळ मात्र टेस्टमध्ये गोठवून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सगळंच लाल दिसेल.

आणि आयडीईचं इंडेक्सिंग (सगळा कोड वाचून सूची बनवणं) पूर्ण होऊ द्या. खाली पट्टी सरकत असताना केलेल्या कामाचा मला भरवसा वाटत नाही.

आधी नावं

शिफ्ट-एफ६. एक्लिप्समध्ये ऑल्ट-शिफ्ट-आर, व्हीएस कोडमध्ये एफ२, व्हिज्युअल स्टुडिओत कंट्रोल-आर दोनदा. हा सगळ्यात साधा हुकूम आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगाचाही. मेथड फोडायच्या आधी मी अर्धा तास फक्त नावं बदलते. ‘टेंप’, ‘टेंप२’, ‘फ्लॅग’, ‘डेटा’ यांना त्यांची खरी नावं मिळाली की मेथड कुठे फोडायची हे निम्मं आपोआप कळतं. नाव पहिल्या फटक्यात चांगलंच सुचायला हवं असा आग्रह नको. ‘फ्लॅग’चं मी आधी ‘काहीतरीमोफत’ केलं, तासाभराने ‘डिलिव्हरीमोफत’. बदलायला दोन सेकंद लागतात, मग कंजुषी कशाला.

इंटेलिजेमध्ये नाव बदलताना ‘कॉमेंट आणि स्ट्रिंगमध्येही शोधा’ असा पर्याय असतो. छोट्या, सर्वसाधारण शब्दांसाठी तो बंद ठेवा. ‘दर’ हा शब्द कितीतरी स्ट्रिंगमध्ये सापडेल आणि त्यातला एखादा ग्राहकाला जाणाऱ्या ईमेलमधला असेल. नाव वेगळं, लांबलचक असेल तर पर्याय चालू करा, पण मग यादी एकेक ओळ वाचून मान्य करा.

लांबलचक अटी

आता आत शिरू. अशी अट घ्या:

ग्राहक != नल && ग्राहक.सक्रिय() && ऑर्डर.रक्कम() > मर्यादा && !ऑर्डर.परतआली()

सगळ्यात आधी एक छोटी सवय लावून घ्या: निवड माउसने करू नका. कंट्रोल-डब्ल्यू दाबलं की कर्सरभोवतीचा लहानात लहान पूर्ण तुकडा निवडला जातो, पुन्हा दाबलं की त्याच्या बाहेरचा. एक्लिप्समध्ये ऑल्ट-शिफ्ट-वरचा बाण, व्हीएस कोडमध्ये शिफ्ट-ऑल्ट-उजवा बाण. निवड नेहमी झाडाच्या फांदीवरच होते, त्यामुळे एखादा कंस बाहेर राहून ‘हा तुकडा काढता येत नाही’ असं ऐकावं लागत नाही.

‘ऑर्डर.रक्कम() > मर्यादा’ निवडा, कंट्रोल-ऑल्ट-व्ही, नाव ‘मोठीऑर्डर’. तुकडा व्हेरिएबल होऊन ‘इफ’च्या वर जातो. एक्लिप्समध्ये हेच ऑल्ट-शिफ्ट-एल. झकास.

हीच गोष्ट ‘ग्राहक.सक्रिय()’ची करून बघा. व्हेरिएबल ‘इफ’च्या वर गेलं, म्हणजे ‘ग्राहक नल (रिकामा) आहे का’ हे तपासायच्या आधीच ‘सक्रिय’ला हाक गेली. ग्राहक नसलेली पहिली ऑर्डर आली की नल पॉइंटरची चूक. मूळ अटीत डावीकडची तपासणी खोटी ठरली की उजवीकडे जायचंच नाही असा करार होता. तो आपण मोडला, आणि कंपाइलरला त्यात वावगं काही दिसत नाही. म्हणून डावी-उजवी एकमेकांवर अवलंबून असेल तर दोन मार्ग: एक तर ‘ग्राहक != नल’ आणि ‘ग्राहक.सक्रिय()’ दोन्ही मिळून निवडा आणि ‘सक्रियग्राहकआहे’ असं एकच व्हेरिएबल करा. नाहीतर व्हेरिएबलऐवजी मेथड काढा. मेथडची हाक त्याच जागी राहते, त्यामुळे क्रम बिघडत नाही. मी बहुतेक वेळा दुसरा मार्ग धरते.

व्हेरिएबल काढताना आयडीई विचारते, ‘हाच तुकडा आणखी ३ ठिकाणी आहे, सगळीकडे बदलू?’ इथे हो म्हणायची घाई नडते. ‘ऑर्डर.रक्कम()’ प्रत्येक वेळी तेच उत्तर देत असेल तर हो म्हणा. पण मधल्या ओळीत सवलत लागून रक्कम बदलत असेल, किंवा तुकडा ‘यादी.पुढचा()’सारखा असेल, जो दर हाकेला एक पाऊल पुढे सरकतो, तर तीन हाकांची एक हाक झाली की अर्थच बदलतो. मेथडच्या आत काय चालतं आणि त्याचा बाहेर काय परिणाम होतो, याचा निवाडा आयडीई खात्रीने करू शकत नाही. तो तुमचा.

सात ‘इफ’ची उतरंड

‘इफ’वर कर्सर ठेवून ऑल्ट-एंटर दाबा आणि ‘अट उलटवा’ निवडा. काही परत न देणाऱ्या मेथडचा उरलेला सगळा भाग एकाच ‘इफ’च्या आत असेल तर त्याचं रूपांतर ‘नसेल तर इथूनच परत फिरा’ असं होतं आणि आतला कोड एक पायरी डावीकडे सरकतो. लूपमध्ये असेल तर ‘रिटर्न’ऐवजी ‘कंटिन्यू’ येतं. सगळ्यात बाहेरच्या ‘इफ’पासून सुरुवात करा.

पण ‘इफ’चा ब्लॉक संपल्यावर खाली आणखी कोड असेल, तर उलटवून काही साधत नाही, रिकामा ब्लॉक आणि ‘एल्स’ पदरात पडतं. अशा वेळी आधी तो पूर्ण ‘इफ’ मेथड म्हणून बाहेर काढा, मग नव्या मेथडच्या आत जाऊन उलटवा. आता त्याच्या खाली काहीच नसतं. माझी सात पायऱ्यांची उतरंड या एकाच युक्तीने दोनवर आली.

उलटवल्यावर कधी कधी ‘!(क && !ख)’ असं काहीतरी भयानक उरतं. पुन्हा ऑल्ट-एंटर, डी मॉर्गनचा नियम लावायचा, म्हणजे ‘नाही’ कंसाच्या आत न्यायचा, पर्याय तिथेच असतो. तरीही वाचता येत नसेल तर त्या अटीची मेथड काढून तिला माणसाळलेलं नाव द्या.

मेथड काढणं, म्हणजे खरं काम

कंट्रोल-ऑल्ट-एम. एक्लिप्समध्ये ऑल्ट-शिफ्ट-एम, व्हिज्युअल स्टुडिओत कंट्रोल-आर आणि मग कंट्रोल-एम. व्हीएस कोडमध्ये तुकडा निवडून कंट्रोल आणि टिंब, आणि यादीतून निवड.

तुकडा निवडला की आयडीई हिशोब करते: आत काय काय लागतं, ते पॅरामीटर, बाहेर काय काय लागतं, ते परत द्यायचं मूल्य. हा हिशोब म्हणजे तुमच्या कोडचा एक्स-रे आहे, आणि नव्या मेथडपेक्षा मला त्याचंच जास्त मोल वाटतं. डिलिव्हरीच्या खर्चाचा १८ ओळींचा तुकडा मी निवडला तर पॅरामीटर आले आठ. नाकापेक्षा मोती जड. म्हणजे तुकडा चुकीच्या जागी कापला होता, किंवा कापायची वेळ अजून आली नव्हती.

दोन मूल्यं बाहेर लागत असतील तर काही आयडीई सरळ नाही म्हणतात, काही दोन्ही मूल्यं ठेवायला छोटा क्लास करून द्यायची तयारी दाखवतात. मी नकारच पसंत करते, कारण तो विचार करायला लावतो. बहुतेकदा तुकड्यात दोन कामं गुंतलेली असतात. ती सोडवायची पद्धत अशी:

एखाद्या व्हेरिएबलचं मूल्य एकदाच ठरत असेल, तर उजवीकडचा हिशोब मेथड म्हणून काढा (‘डिलिव्हरीखर्च(ऑर्डर)’) आणि मग त्या व्हेरिएबलवर कंट्रोल-ऑल्ट-एन दाबून ते इनलाइन करा, म्हणजे त्याच्या जागी त्याचं मूल्य देणारा कोडच बसवा. व्हेरिएबल नाहीसं होतं, जिथे लागेल तिथे थेट मेथडला हाक जाते. एक पॅरामीटर कमी झाला. हिशोब दोनदा होईल म्हणून जीव कासावीस होतो, ठाऊक आहे. हिशोब डेटाबेसपर्यंत जात नसेल तर होऊ द्या, मोजून बघा आणि मग ठरवा. मात्र हिशोबाचा दुसरीकडे काही परिणाम होत असेल तर हा मार्ग बंद.

एकच ‘एकूण’ नावाचं व्हेरिएबल सहा वेळा भरलं जात असेल, तर ते सहा व्हेरिएबलं आहेत आणि कोणीतरी जागा वाचवली आहे. त्यांना वेगळी नावं मिळेपर्यंत मेथड नीट निघणार नाही. आणि वर, मेथडच्या तोंडाशी, एकगठ्ठा घोषित केलेली व्हेरिएबलं वापराच्या जवळ आणा. इंटेलिजेमध्ये ‘व्हेरिएबलचा आवाका गरजेपेक्षा मोठा’ अशी एक तपासणी आहे, ती सहसा बंद असते. चालू केली की ऑल्ट-एंटरने घोषणा खाली सरकवता येते.

एवढं करून मी तोच तुकडा पुन्हा निवडला तेव्हा पॅरामीटर उरले तीन.

तेच चार पॅरामीटर चार मेथडमधून हातात हात घालून फिरताना दिसले तर त्यांना एका क्लासमध्ये बसवा. ‘पॅरामीटर ऑब्जेक्ट’ करायचा हुकूम रीफॅक्टर मेनूत असतो. माझ्याकडे रस्ता, शहर, पिन आणि देश असे चौघे सगळीकडे एकत्र भटकत होते. त्यांचा ‘पत्ता’ झाला, आणि मग त्या चौघांवर काम करणाऱ्या मेथड एफ६ने एकेक करत ‘पत्ता’मध्ये राहायला गेल्या.

मेथड काढल्यावर इंटेलिजे कधी कधी सांगते की याच्यासारखाच तुकडा आणखी कुठे आहे, तोही बदलू का. ती एकेक जागा दाखवत असेल तर एकेक बघा. दिसायला सारखे आणि अर्थाने वेगळे तुकडे एकत्र बांधले की पुढच्या बदलात तेच पुन्हा सोडवत बसावं लागतं.

इनलाइन: सगळे विसरतात ती बाजू

नवशिके मेथड काढत सुटतात. वाईट फोडणी आधी गुंडाळून परत एक करायची असते, मग नव्या जागी फोडायची, हे फार कमी जण करतात. कोणीतरी तीन-तीन ओळींच्या पंधरा मेथड करून ठेवल्या असतील आणि वाचताना सारखं वर-खाली उड्या मारायला लागत असतील, तर कंट्रोल-ऑल्ट-एनने त्या बिनधास्त आत ओढून घ्या. एक्लिप्समध्ये ऑल्ट-शिफ्ट-आय.

इनलाइनचा आणखी एक वापर आहे, माझा सगळ्यात आवडता. जुनी मेथड ‘कळवा(ईमेल, मजकूर, खरे)’ ८३ ठिकाणी वापरलेली होती. त्या ‘खरे’चा अर्थ ‘लगेच पाठवा’ आहे हे आतला कोड वाचल्याशिवाय कळायचं नाही. मला सगळीकडे ‘लगेचकळवा’ आणि ‘रांगेतटाका’ अशा दोन मेथड हव्या होत्या. ८३ जागा हाताने बदलायच्या नाहीत. नव्या दोन मेथड तयार करायच्या आणि जुनीच्या पोटात फक्त एवढंच ठेवायचं: खरे असेल तर पहिलीला हाक, नसेल तर दुसरीला. अट मोडून टाइप करावं लागतं ते इथे, चार ओळी. टेस्ट चालवा, कमिट करा. मग जुनीवर कर्सर ठेवून इनलाइन, ‘सगळ्या हाका बदला आणि मेथड काढून टाका’. ८३ ठिकाणी ‘इफ (खरे)’ किंवा ‘इफ (खोटे)’ उमटतं. तेही आयडीईलाच दिसतं: ‘अट नेहमी खरी’ असा इशारा येतो आणि सोपं करायचा पर्यायही. दहा मिनिटांचा खेळ. जुन्या मेथडच्या पोटात बाहेरून न दिसणारं प्रायव्हेट काही नको, एवढी एकच पूर्वअट.

मेथडला पॅरामीटर वाढवायचा किंवा त्यांचा क्रम बदलायचा असेल तर कंट्रोल-एफ६. नव्या पॅरामीटरसाठी जुन्या हाकांमध्ये कुठलं मूल्य भरायचं ते तिथेच सांगता येतं. आणि कोणी वापरत नाही असं वाटणारी मेथड ऑल्ट-डिलीटने काढा, ती आधी वापर शोधते.

पिवळ्या रेघा

कोडखाली दिसणाऱ्या पिवळ्या रेघा म्हणजे तयार सूचना. फाइल उघडली की दिसेल ती रेघ मिटवत जाण्याचा मोह होतो. नका. मी एक सूचना निवडते आणि ती सगळ्या प्रोजेक्टवर एकदाच चालवते (कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-आय, मग तपासणीचं नाव). एक तपासणी, एक कमिट. २०० फायली बदलल्या तरी बदल एकाच जातीचा असल्यामुळे वाचणाऱ्याला वीस जागा बघून अंदाज येतो.

‘सोपं करा’ म्हणणारी प्रत्येक सूचना निरुपद्रवी नसते. जावा १६ आल्यावर स्ट्रीमला (यादीवर एकामागून एक क्रिया लावायच्या सोयीला) ‘टूलिस्ट’ ही छोटी मेथड मिळाली, आणि आयडीई जुन्या ‘कलेक्टर्स’वाल्या लांब ओळीऐवजी ती सुचवायला लागली. दिसायला अगदी तेच. पण ‘टूलिस्ट’ने दिलेल्या यादीत पुढे काही घालता येत नाही. जुन्या पद्धतीने मिळणारी यादी प्रत्यक्षात बदलता यायची, आणि आमच्याकडे दोन ठिकाणी त्या यादीत मागाहून भर घालत होते. टेस्टने पकडलं म्हणून बरं.

लूपचा स्ट्रीम करा ही सूचनाही मी निम्म्या वेळा नाकारते. एक गाळणी आणि एक रूपांतर असेल तर स्ट्रीम सुंदर दिसतो. आत मधेच ‘ब्रेक’, दोन मोजणारी व्हेरिएबलं आणि एखादं अपवादाचं प्रकरण असेल तर लूपच बरा. चार ओळी कमी झाल्या म्हणजे कोड सोपा झाला असं नाही.

आयडीईला जिथे दिसत नाही

सगळे हुकूम शिकून, टेस्ट हिरव्या ठेवून, मी एका शुक्रवारी संध्याकाळी ‘टोटलअमाउंट’च्या जागी असलेलं एक विचित्र संक्षिप्त नाव नीट केलं. शिफ्ट-एफ६, ३१ जागा, एकही तक्रार नाही. सोमवारी मोबाइल ॲपमध्ये सगळ्या ऑर्डरींची रक्कम कोरी दिसत होती. जेसन (किल्ली आणि मूल्य अशा जोड्यांचा मजकूर) तयार करणारी जॅक्सन लायब्ररी, वेगळं काही सांगितलं नसेल तर, गेटरच्या, म्हणजे फील्डचं मूल्य परत देणाऱ्या मेथडच्या, नावावरून किल्लीचं नाव ठरवते. मी गेटरचं नाव बदललं, किल्ली बदलली. ॲप मात्र जुन्या किल्लीचीच वाट बघत बसलं होतं. जावाच्या प्रोजेक्टमधून ॲपचा कोड दिसत नाही, तर आयडीई बिचारी काय करणार.

तेव्हापासून बाहेर जाणाऱ्या क्लासमध्ये नाव बदलण्याआधी मी जुनं नाव ‘जेसन प्रॉपर्टी’च्या ॲनोटेशनने पक्कं करून ठेवते. आत काहीही नाव असो, बाहेर जुनंच जातं. डेटाबेसच्या एंटिटीचंही (टेबलाशी जोडलेल्या क्लासचंही) तेच: कॉलमचं नाव फील्डवरून ठरत असेल तर आधी ते स्पष्ट लिहा, मग फील्डला हात लावा.

अशाच अंधाऱ्या जागा आणखी आहेत. रिफ्लेक्शनने नावाची स्ट्रिंग देऊन बोलावलेल्या मेथड. एचटीएमएलच्या टेम्प्लेटमधली फील्डची नावं, यातली काही आयडीईला समजतात, सगळी नाही. कॉन्फिगरेशनच्या फायलीत लिहिलेली क्लासची पूर्ण नावं. आणि एक फारसं कोणाच्या लक्षात न येणारं: लॉगरचं नाव बहुधा क्लासच्या नावावरून पडतं. क्लास दुसऱ्या पॅकेजमध्ये हलवला की लॉगच्या कॉन्फिगरेशनमधली त्याच्यासाठी लावलेली पातळी गप्प होते. काही मोडत नाही, फक्त हव्या त्या दिवशी लॉग सापडत नाही. म्हणून नाव बदलल्यावर जुनं नाव पूर्ण प्रोजेक्टमध्ये साधा मजकूर म्हणून एकदा शोधा, कंट्रोल-शिफ्ट-एफ. ॲनोटेशनमध्ये मुद्दाम ठेवलेलं सोडून शून्य आलं तरच कमिट.

पायथन किंवा जावास्क्रिप्टमध्ये हा अंधार जास्त दाट असतो. ‘वस्तू.पाठवा()’ मधली वस्तू कुठल्या क्लासची आहे हे चालवल्याशिवाय नक्की सांगता येत नाही, म्हणून आयडीई अंदाज बांधते. टाइप हिंट (कुठली वस्तू कुठल्या प्रकारची ते सांगणाऱ्या खुणा) लिहिल्या असतील तर अंदाज बराच नेमका होतो. मोठ्या बदलाआधी त्या भागात हिंट भरून घेणं वाया जात नाही. व्हीएस कोडसारख्या एडिटरमध्ये हे काम भाषेचा सर्व्हर करतो. २०१६ साली मायक्रोसॉफ्टने त्यासाठीचा प्रोटोकॉल खुला केला आणि तेव्हापासून बऱ्याच एडिटरना एकाच सर्व्हरशी बोलता येऊ लागलं. तेव्हा नाव बदलणं नीट जमत नसेल तर एडिटरला दोष देण्याआधी सर्व्हर कुठला आहे ते बघा.

चॅट करणाऱ्या सहायकाला ‘ही मेथड सोपी कर’ म्हणणं ही निराळीच गोष्ट. तो मजकूर नव्याने लिहून देतो, अटी तपासून हलवत नाही. मला त्याचा उपयोग नावं सुचवण्यासाठी आणि ‘यात किती कामं गुंतली आहेत’ हे विचारण्यासाठी होतो. हलवते मात्र मी शॉर्टकटनेच.

कमिट

प्रत्येक हालचालीनंतर टेस्ट, हिरवी आली की कमिट. संदेशात हुकमाचंच नाव: ‘मेथड काढली: डिलिव्हरीखर्च’. एका दुपारी माझे तीस-पस्तीस कमिट होतात. वागणूक बदलणारी ओळ यातल्या एकाही कमिटमध्ये शिरता कामा नये, म्हणजे तपासणाऱ्याला ‘हा आयडीईने केलेला बदल’ म्हणून पटकन पुढे जाता येतं.

फाइलचं नाव बदलणं किंवा ती हलवणं नेहमी स्वतंत्र कमिटमध्ये. गिट नाव बदलल्याची नोंद ठेवत नाही, दोन फायली किती सारख्या आहेत यावरून ते ओळखतं, आणि मुळात ही मर्यादा ५० टक्के असते. त्याच कमिटमध्ये आतलाही निम्म्याहून अधिक मजकूर बदलला की जुनी फाइल गेली, नवी आली असं दिसतं आणि इतिहास तुटतो. प्रोजेक्टभर चालवलेल्या तपासणीच्या कमिटमुळे ‘ब्लेम’मध्ये (कुठली ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणाऱ्या हुकमात) सगळीकडे तुमचंच नाव येत असेल, तर गिट २.२३ पासून अशा कमिटचे क्रमांक एका फायलीत लिहून ‘ब्लेम’ला ते वगळायला सांगता येतं.

‘प्रोसेस’ आता ३८ ओळींची आहे आणि तिचं नाव ‘ऑर्डरस्वीकारा’. साठा कमी करणाऱ्या त्या ११ ओळी मी मेथड म्हणून काढल्या, पण नाव काय द्यावं ते कळेना, म्हणून ‘साठाइथेकाकमीहोतो’ असं ठेवून बदल तपासायला पाठवला. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या टीममधल्या एका जुन्या सहकाऱ्याने त्या ओळीखाली लिहिलं: वेबसाइटवरच्या ऑर्डरींचा साठा पैसे जमा झाल्यावर दुसरी सर्व्हिस कमी करते, फोनवरून घेतलेल्या ऑर्डरी त्या वाटेने जात नाहीत, त्यांच्यासाठी हे इथे आहे. शिफ्ट-एफ६: ‘फोनऑर्डरचासाठाकमीकरा’.